वाटेवरचा सद्योव्रणी

दिवाळी सरते, कारखान्याची धुराडी पेटतात आणि आमच्या कुंडल परिसरातील वैद्यास एका वेगळ्या रुग्णाची तयारी ठेवावी लागते. तो आमवाताचा नसतो, प्रतिश्यायाचाही नसतो. तो चालत येत नाही, त्यास आणले जाते. आणि आणणाऱ्यांपैकी कोणासही बहुधा त्याचे नाव ठाऊक नसते. दोन-दोन ट्रॉल्या जोडलेला उसाचा ट्रॅक्टर रस्त्याच्या कडेस उभा असतो, मागे तांबडा दिवा नसतो, परावर्तक पट्टी चिखलाने झाकलेली असते आणि समोरून येणाऱ्या वाहनाच्या झोताने डोळे दिपलेला दुचाकीस्वार थेट त्या उसात शिरतो. असा रुग्ण पाहिला नाही असा साखरपट्ट्यातील वैद्यबंधू विरळा.

कुंडलमध्ये परका माणूस ही नवलाची गोष्ट नाही. हंगामात बीडकडील ऊसतोड कुटुंबे कोप्या घालून राहतात, झरी पार्श्वनाथ व गिरी पार्श्वनाथाच्या दर्शनास दूरदूरचे जैन यात्रेकरू येतात, वन प्रबोधिनीत बाहेरगावचे प्रशिक्षणार्थी असतात. गावचा माणूस पडला तर दहा हात धावतात. परका पडला की तेच हात खिशातील भ्रमणध्वनीकडे वळतात, आणि तोही पुष्कळदा छायाचित्रासाठी. आम्ही यास निर्दयपणा म्हणणार नाही. 'सेव्ह लाइफ फाउंडेशन' या संस्थेने २०१३ साली केलेल्या पाहणीत शंभरापैकी ७४ जणांनी आपण मदतीस पुढे होण्याचा संभव कमी असल्याचे सांगितले, आणि त्यांतील ८८ टक्क्यांनी कारण दिले ते पोलीस चौकशी व कोर्टाच्या फेऱ्यांचे. १९४३ ते ४६ या काळात प्रतिसरकारच्या भूमिगतांना इंग्रजांच्या पोलिसांपासून लपविणारे, रात्री-अपरात्री भाकरी पोहोचविणारे हे गाव. त्याच गावात आज पंचनाम्यात नाव येईल या धास्तीने माणसे दोन पावले मागे सरतात, हे मात्र मनास लागते.

ही धास्ती निराधार होती असे नव्हे. एका स्कूटरस्वारास मोटारीने उडविले, एका वाटसरूने त्यास उचलून जवळच्या रुग्णालयात नेले. तेथे, आमच्याकडे पोलीस प्रकरणे घेत नाहीत, वीस किलोमीटरवरील रुग्णालयात न्या, असे सांगण्यात आले आणि वाटेतच त्याने प्राण सोडला. ही बातमी वाचून परमानंद कटारा यांनी सर्वोच्च न्यायालयात धाव घेतली. २८ ऑगस्ट १९८९ च्या निकालाने सांगितले की, डॉक्टर सरकारी असो वा खाजगी, जीव वाचविणे हे त्याचे पहिले कर्तव्य. कायद्याची कोणतीही औपचारिकता त्याच्या आड येऊ शकत नाही. पुढे १९९४ साली मोटार वाहन कायद्याच्या कलम १३४ मध्येही हे कर्तव्य घातले गेले. तेथे शब्द आहे तो 'नोंदणीकृत वैद्यकीय व्यवसायी' असा. आपली नोंदणी महाराष्ट्र कौन्सिल ऑफ इंडियन मेडिसीनकडे असते. म्हणून तो शब्द आपणास लागू नाही असे मानून शटर ओढण्यास आम्हास तरी काही आधार दिसत नाही.

वाटसरूस संरक्षण मिळण्यास आणखी बराच काळ जावा लागला. सर्वोच्च न्यायालयाने ३० मार्च २०१६ रोजी केंद्राची मार्गदर्शक तत्त्वे बंधनकारक ठरविली. २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात कलम १३४ अ आले. सप्टेंबर २०२० मध्ये नियम झाले. सद्भावनेने, स्वेच्छेने व मोबदल्याची अपेक्षा न ठेवता अपघातस्थळी मदत करणाऱ्यास, अथवा जखमीस रुग्णालयात पोहोचविणाऱ्यास, त्या मदतीत काही उणे-अधिक घडले तरी दिवाणी वा फौजदारी कारवाईस सामोरे जावे लागणार नाही. नाव-पत्ता सांगण्याची सक्ती त्याच्यावर करता येत नाही. तो आपखुशीने साक्षीदार होण्यास तयार झालाच, तर त्याच्या सोयीच्या जागी, घरी वा दुकानी, साध्या वेशातील अधिकाऱ्याने त्याचा जबाब घ्यावा असेही नियमांत आहे. हे हक्क सांगणारा फलक रुग्णालयाच्या दर्शनी भागी इंग्रजी, हिंदी व स्थानिक भाषेत असला पाहिजे. आपल्या तालुक्यातील किती रुग्णालयांत तो दिसतो, हे वाचकांनी जाता-येता पाहावे.

येथे वैद्यांनी एक बारकावा ध्यानी घ्यावा. या कलमातील मदतीत वैद्यकीय मदतही येते, म्हणजे रस्त्यावर गुडघे टेकून रक्त थांबविणारा वैद्यही त्याच्या छत्राखाली आहे. परंतु अट आहे ती मोबदल्याची अपेक्षा नसण्याची, आणि जागा आहे ती अपघातस्थळाची व रुग्णालयाच्या वाटेची. त्याच जखमीस आपल्या दवाखान्यात घेऊन, टाके घालून, शुल्क घेतले की आपण वाटसरू उरत नाही, चिकित्सक होतो, आणि चिकित्सकाची सारी जबाबदारी आपल्यावर येते. ती टाळावी असे आमचे म्हणणे नाही. आपण कोणत्या भूमिकेत आहोत हे त्या क्षणी स्पष्ट असावे, एवढेच.

कायद्यापेक्षाही आमच्या व्यवसायबंधूंच्या मनात एक जुनी भीती अधिक असते. असाध्य व्याधीस हात घालणाऱ्या वैद्याचे अर्थ, विद्या व यश यांची हानी होते, असे चरकाचार्यांनी सूत्रस्थानाच्या दहाव्या अध्यायात सांगितले आहे, आणि नवव्यात वैद्याच्या चार वृत्तींत उपेक्षाही गणली आहे. रस्त्यावरच्या जखमीपासून दूर राहण्यास काही जण हाच आधार काढतात. 'हातात गेला तर नाव आपले जाईल' हे वाक्य आम्ही चहाच्या बैठकीत अनेकदा ऐकले आहे. परंतु ती उपेक्षा मरणोन्मुख ठरलेल्या रुग्णाविषयी आहे, आणि साध्यासाध्यता ठरते ती परीक्षेनंतर. गर्दीच्या खांद्यांवरून डोकावून ती ठरविण्याची मुभा आचार्यांनी कोठे दिली आहे? त्याच नवव्या अध्यायात आर्ताविषयी कारुण्य हीही वैद्याची एक वृत्ती सांगितली आहे.

आता प्रत्यक्ष कर्म. सुश्रुताचार्यांनी सद्योव्रणाचे छिन्न, भिन्न, विद्ध, क्षत, पिच्चित व घृष्ट असे सहा प्रकार केले. ट्रॉलीच्या चाकाखाली येणारा अवयव पिच्चित, आणि त्यात फसगत मोठी. बाहेर रक्त थोडे दिसते, सारे आत चाललेले असते. कोष्ठात रक्त साचल्याची जी लक्षणे त्यांनी दिली, त्यांत मूर्च्छा, श्वास, आध्मान यांबरोबर तृष्णा आहे. जखमी 'पाणी, पाणी' करतो आणि भोवतालचे दयाळू लोक त्याच्या तोंडाशी बाटली लावतात. ती तहान रक्त गेल्याची खूण आहे. शुद्ध हरपत असलेल्यास पाजलेले पाणी श्वसनमार्गात उतरू शकते व पुढील शस्त्रकर्मातही अडचण करते. ओठ ओले करावेत, पाजू नये.

रक्तस्तंभनाच्या संधान, स्कंदन, पाचन व दहन या चार उपायांपैकी रस्त्यावर आपल्या हाती असते ते स्वच्छ कापडाच्या घडीने घट्ट दाबून धरणे. घडी भिजली तर काढू नये, वर दुसरी ठेवावी. उसळत्या रक्तावर हळद वा तुरटी टाकून वेळ दवडू नये. हे आयुर्वेदाच्या पदवीधराने लिहावे याचे कोणास नवल वाटल्यास वाटो. मान हलू देऊ नये. बेशुद्ध पण श्वास चालू असलेल्यास, मान व धड एका रेषेत ठेवून, कुशीवर वळवावे. दुचाकीवर दोघांच्या मध्ये बसवून नेण्याची आपल्याकडची रीत तर बंदच व्हावी, कारण मोडलेला कणा त्याने कायमचा निकामी होऊ शकतो. १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका महाराष्ट्रात २०१४ पासून आहे आणि तिच्यावर सेवा देणाऱ्यांत आपलेच बी. ए. एम. एस. पदवीधर मोठ्या संख्येने आहेत. दूरध्वनी आधी, मलमपट्टी मागाहून. दोघे असाल तर दोन्ही एकदम.

औषध दुकानदार बंधूंविषयी चार शब्द. एका हिवाळ्यात आमच्या समोरच एका दुकानदाराने गॉज आणि क्रेप बँडेजचे गठ्ठे काढून दिले आणि हळूच विचारले, "डॉक्टरसाहेब, बिल कुणाच्या नावावर करू? उद्या पोलीस आले तर?" प्रश्न भाबडा नव्हता. जखमी अनोळखी होता आणि मालाचा हिशेब तर ठेवायलाच हवा. आमचे मत असे की, अशा वेळेपुरती एक पेटी दुकानाच्या खर्चात आधीच टाकून ठेवावी: गॉज, रुंद बँडेज, हातमोजे, कात्री, फळीचे दोन तुकडे. मग बिलही नको आणि मोबदल्याचा प्रश्नही नको.

राहिला पुढील खर्चाचा प्रश्न, ज्यापायी अनोळखी जखमीस आत घेताना रुग्णालये कां-कूं करीत. मे २०२५ पासून केंद्राच्या योजनेनुसार रस्ते अपघातातील जखमीस सात दिवसांपर्यंत दीड लाख रुपयांचे उपचार निवडक रुग्णालयांत रोकडरहित मिळू शकतात. गंभीर जखमीस वेळेत पोहोचविणाऱ्यासाठी पारितोषिकही आहे. २०२१ साली ते पाच हजार होते, २०२५ मध्ये पंचवीस हजार झाले. वैद्याने ते घ्यावे की नाही हा ज्याच्या-त्याच्या रुचीचा भाग. आम्ही घेणार नाही.

संघटनेच्या येत्या बैठकीत आम्ही एक ठराव मांडीत आहोत. कलम १३४ अ चा सुबोध मराठी मजकूर एका पानावर छापून प्रत्येक सभासदाच्या दवाखान्यात व औषध दुकानाच्या काउंटरवर लावावा, आणि हंगाम सुरू होण्यापूर्वी ऊसतोड मुकादमांकडे जाऊन प्रत्येक टोळीतील माणसांच्या खिशात नाव, गाव व मुकादमाचा क्रमांक लिहिलेली चिठ्ठी राहील अशी व्यवस्था करावी. छपाईचा खर्च फार नाही. चिठ्ठ्या लिहिण्यास आमच्या दवाखान्यातील दोघे तयार आहेत.