भांडी चारनंतर

कामरेजच्या माझ्या मावशीच्या घरी दुपारी भांडी घासायची नाहीत, असा नियम आहे. जेवणं उरकली की ताटं-पातेली पाण्यात बुडवायची आणि चार वाजेपर्यंत मोरीकडे फिरकायचं नाही. खोली एकच. तिच्यात काका झोपलेले असतात.

काका लसकाण्याच्या लूम कारखान्यात कारागीर आहेत. सुरतेकडे यंत्रमागाची पाळी १२ तासांची, सात ते सात. खान्देशातून इकडे येणाऱ्यांचा मुख्य ओढा उधना-लिंबायतकडे असतो. मावशीचं बिऱ्हाड मात्र कारखाना जवळ पडावा म्हणून कामरेजला आलं. रातपाळी असली की काका सकाळी परततात, चहाबरोबर भाकरीचे दोन घास खातात आणि आडवे होतात. पण दिवसाची झोप रात्रीच्या झोपेची बरोबरी करत नाही. बाहेर ऊन आणि रहदारी, आणि आतून शरीराचं घड्याळ ‘जागा हो’ म्हणत असतं. या घड्याळाचा उलगडा करणाऱ्या तीन शास्त्रज्ञांना २०१७ सालचं वैद्यकशास्त्राचं नोबेल मिळालं. रात्रभर मागांच्या खडखडाटात उभे राहणारे काका घरात चमचा पडला तरी दचकून उठतात, हे मी पाहिलं आहे.

त्यांची झोप सांभाळता सांभाळता सगळं घरच झोपायला शिकलं.

रविवारी वरण-बट्टी आणि वांग्याचं भरीत असतं. जेवण झालं की मावशी फरशी ओल्या फडक्याने पुसून घेते, खिडकीवर भिजवलेला टॉवेल टाकते आणि सतरंज्या अंथरते. जागा ठरलेल्या आहेत. पंख्याखाली काका, त्यांच्या पायांशी पोरं, कारण पोरं लाथा झाडतात आणि पायाला लागलेली लाथ काकांना चालते. आजी दाराच्या उंबऱ्याशी, तिला वारा लागतो. मावशी स्वयंपाकाच्या ओट्याला पाठ लावून. धाकटा चुळबुळ करायला लागला की आजी दबक्या आवाजात अहिराणीत दटावते, “जपी जा आते!” थोडा वेळ तो छताकडे बघत पडतो. मग सगळ्यांचे श्वास एका लयीत येऊ लागतात, तसा त्याचाही येतो.

दुपारी येणारी ही गुंगी निव्वळ बट्टीवरच्या तुपाने येत नाही. दुपारी एक ते तीनच्या सुमारास माणसाची तरतरी एरवीही उतरते, जेवण केलेलं नसलं तरी. अर्धा तास पडलं तर माणूस ताजातवाना उठतो. झोप त्यापुढे गाढ होत गेली तर उठल्यावर डोकं जड होतं. मावशीकडे दीड-दोन तास सहज होतात आणि सगळे जड डोक्यानेच उठतात. त्याबद्दल कुणाची तक्रार नाही.

मला मात्र या सगळ्यात मावशीची झोप महत्त्वाची वाटते. ती पहाटे पाण्यासाठी उठते आणि रात्री सर्वांत शेवटी आडवी होते. दुपारी रिकामी बसली तर तिला दहा कामं दिसतात: साडीला फॉल लावणं, डाळ निवडणं, डबे पुसणं. पण भांडी वाजवायची नाहीत, मिक्सर लावायचा नाही, नळ सोडायचा नाही म्हटल्यावर करायला उरतं काय? नवऱ्याच्या झोपेसाठी केलेल्या नियमातून तिच्या वाट्याला झोप आली आहे. “काका दिवसपाळीला असतात तेव्हा झोपतेस का गं?” असं विचारलं तर ती म्हणाली, “तेव्हा कशी झोपू? भांडी पडलेली असतात ना.” काकांनी हे ऐकलं. तेव्हापासून दिवसपाळीच्या पंधरवड्यातही दुपारची भांडी चारनंतरच निघतात. संध्याकाळी दमून घरी आल्यावर ते आजीला पहिलं विचारतात, ही दुपारी पडली होती की नाही.