ॲमिनो अम्ल पूरके, व्यायामातील

प्रथिनांचे घटक असलेली किंवा तत्सम ॲमिनो अम्ले आहाराव्यतिरिक्त चूर्ण, गोळ्या वा पेय या रूपांत घेतली जातात, तेव्हा त्यांना ॲमिनो अम्ल पूरके म्हणतात. मानवी प्रथिनांत २० ॲमिनो अम्ले आढळतात. त्यांपैकी ९ शरीरात तयार होत नसल्याने ती अन्नातूनच मिळावी लागतात. ल्यूसीन, आयसोल्यूसीन व व्हॅलीन ही त्यांतील शाखायुक्त अम्ले व्यायामपटूंत विशेष प्रचलित आहेत.

जोर-बैठका, वजने उचलणे यांसारख्या श्रमांनंतर स्नायूंतील प्रथिनांचे विघटन व संश्लेषण (घटकांपासून नवीन प्रथिन बनण्याची क्रिया) या दोन्ही क्रिया वाढतात. संश्लेषणाला चालना देण्याचे काम ल्यूसीन करते. तथापि ते पुरे होण्यास उरलेली आवश्यक अम्लेही हवी असतात. गवंडी कामावर आला, पण विटाच नाहीत, अशी केवळ तीन अम्ले घेणाऱ्याची स्थिती होते. या पूरकांमुळे व्यायामानंतरची स्नायूंची ठणक काहीशी कमी झाल्याचे काही प्रयोगांत दिसते. बल किंवा दम वाढल्याचा पुरावा मात्र दुबळा आहे. श्रमाने खर्ची पडलेले ग्लायकोजेन भरून निघण्यास तर कार्बोहायड्रेटेच लागतात.

पुण्यातील पेठांमधल्या चिंचेची तालीम, गोकुळ वस्ताद तालीम यांसारख्या जुन्या तालमींच्या परंपरेत दूध, तूप, बदामाची थंडाई हा मल्लाचा खुराक मानला गेला आहे. नियमित कठोर व्यायाम करणाऱ्यास शरीराच्या दर किग्रॅ. वजनामागे रोज सु. १·२ ते २ ग्रॅ. प्रथिन पुरेसे होते. दर किग्रॅ.ला १·६ ग्रॅ. धरल्यास ८० किग्रॅ. वजनाच्या मल्लास सु. १२८ ग्रॅ. लागेल. दोन लिटर दुधातून सु. ६५ ग्रॅ. व १०० ग्रॅ. बदामांतून सु. २१ ग्रॅ. मिळते, उरलेले भाकरी, डाळ, अंडी वा मटण यांतून सहज भरून निघते. बदामात लायसीन कमी असते, ती उणीव दूध भरून काढते. शाखायुक्त अम्लांच्या प्रचलित २:१:१ मिश्रणाच्या ५ ग्रॅ. मात्रेत २·५ ग्रॅ. ल्यूसीन असते, लिटरभर दुधात ते याहून अधिक असून शिवाय बाकीची अम्लेही असतात. मुलाच्या खुराकासाठी पोटाला चिमटा घेणाऱ्या कुटुंबाने दुधाचा रतीब कमी करून डबा विकत घेणे म्हणूनच तोट्याचे ठरते. वजनगटात बसण्यासाठी आहार घटविणाऱ्या मल्लाची प्रथिनांची गरज वाढते. त्या वेळी प्रथिनचूर्णाचा उपयोग होऊ शकतो.

बीटा-ॲलॅनीन हे प्रथिनांत न आढळणारे अम्ल निराळ्या रीतीने कार्य करते. हिस्टिडीन या अम्लाशी संयोग होऊन त्यापासून स्नायूंत कार्नोसीन बनते व ते तीव्र श्रमात साचणारी अम्लता रोखते. शाकाहारी व्यक्तींच्या स्नायूंत कार्नोसीन सामान्यतः कमी असते. रोज ३·२ ते ६·४ ग्रॅ. बीटा-ॲलॅनीन किमान चार आठवडे घेतल्यास सु. एक ते चार मिनिटांच्या तीव्र श्रमात अल्प सुधारणा होते. गादीवरील कुस्ती प्रत्येकी तीन मिनिटांच्या दोन फेऱ्यांची असल्याने तेथे त्याचा लाभ संभवतो. एकदम मोठी मात्रा घेतल्यास त्वचेला मुंग्या येतात.

पूरकांत निषिद्ध द्रव्यांची भेसळ असू शकते. वेष्टनावर त्यांचा उल्लेख नसला, तरी उत्तेजक चाचणीत दोषी ठरलेल्या खेळाडूची जबाबदारी टळत नाही. मूत्रपिंडाचा विकार किंवा ॲमिनो अम्लांच्या चयापचयातील जन्मजात दोष असणाऱ्यांनी वैद्यकीय सल्ल्याशिवाय ही पूरके घेऊ नयेत.