विकेंद्रित लाइक : पैसे कुणाचे, नोंद कुणाकडे?

मेटा कंपनीने नोव्हेंबर 2025 मध्ये एक छोटी घोषणा केली. इतरांच्या संकेतस्थळांवर लावलेली फेसबुकची लाइक आणि कमेंटची बटणं 10 फेब्रुवारी 2026 पासून बंद. ज्यांनी ती काढली नसतील त्यांचं पान मोडणार नाही, बटणाच्या जागी शून्य लांबी-रुंदीची अदृश्य खूण राहील. एप्रिल 2010 मध्ये ही बटणं फेसबुकबाहेर पडली तेव्हा वर्तमानपत्रांपासून कपड्यांच्या दुकानांपर्यंत सगळ्यांनी ती हौसेने लावून घेतली होती. त्या मानाने त्यांचा निरोप फारच साधेपणाने झाला.

त्या जागी काय यावं याची उत्तरं तयारच आहेत. लाइकची नोंद एका कंपनीच्या ताब्यात न ठेवता अनेक सर्व्हरांवर, किंवा वापरणाऱ्याच्या स्वतःच्या खात्यात ठेवायची. 2016 मध्ये सुरू झालेलं मॅस्टोडॉन, त्यानंतरचे लेमी, नॉस्टर, ब्लूस्काय हे सगळे याच कुळातले. वेबची मानकं ठरवणाऱ्या डब्ल्यू-थ्री-सी या संस्थेने जानेवारी 2018 मध्ये सर्व्हरांमधल्या संवादाच्या ‘अॅक्टिव्हिटीपब’ या मानकाला मान्यता दिली. त्यात ‘लाइक’ हा एका सर्व्हरने दुसऱ्याला पाठवायच्या संदेशाचा रीतसर प्रकार आहे. आपल्याकडेही हे अगदी अनोळखी नाही. नोव्हेंबर 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयातले ज्येष्ठ वकील संजय हेगडे यांचं खातं ट्विटरने बंद केलं, तेव्हा बऱ्याच भारतीयांनी निषेध म्हणून मॅस्टोडॉनवर खाती उघडली होती.

या व्यवस्थांबद्दल दोन गोष्टी इतक्या वेळा सांगितल्या जातात की त्या खऱ्याच वाटू लागतात. मध्ये कंपनी नाही म्हणून पाळत नाही, आणि कंपनी नाही म्हणून खर्चही नाही. दोन्ही अर्धवट आहेत. पाळत आणि खर्च नाहीसे होत नाहीत, त्यांच्या जागा बदलतात. त्या नव्या जागा कोणत्या, हे समजून घ्यायला हवं.

‘मी बटण दाबलंच नाही, मग कुणाला काय कळणार?’

फेसबुकचं जुनं बटण दाबायची गरजच नव्हती. पान उघडताक्षणी तुमचा ब्राउझर ते बटण आणायला थेट फेसबुकच्या सर्व्हरकडे जायचा. जाताना तुमचा आयपी पत्ता, ब्राउझरमधली कुकी आणि तुम्ही कोणतं पान वाचताय त्याचा पत्ता सोबत नेण्याची सोय असायची. कर्जाबद्दलचा लेख असो की एखाद्या आजाराबद्दलचा, तुम्ही तिथे आलात एवढं पलीकडे कळायचं. फेसबुकवर खातं नसलं तरी.

जर्मनीत हे लवकर लक्षात आलं. 2011 मध्ये श्लेस्विग-होल्श्टाइन राज्याच्या माहिती-संरक्षण कार्यालयाने संकेतस्थळांना ही बटणं काढायला सांगितलं. त्याच वर्षी हायझे या प्रकाशनसंस्थेने ‘दोन क्लिक’ची युक्ती काढली : सुरुवातीला बटणाचं नुसतं राखाडी चित्र दिसणार, पहिल्या क्लिकला खरं बटण येणार, दुसऱ्या क्लिकला लाइक. पुढे ‘फॅशन आयडी’ या कपड्यांच्या ऑनलाइन दुकानाविरुद्ध एका ग्राहकसंस्थेने लढलेला खटला युरोपीय न्यायालयापर्यंत गेला. 29 जुलै 2019 च्या निकालाने सांगितलं की माहिती गोळा करून फेसबुकला पोचवण्यापुरता दुकानदारही जबाबदार आहे. पुढे फेसबुक त्या माहितीचं काय करतं, ती जबाबदारी मात्र त्याची नाही.

हा निकाल विकेंद्रित बटण लावणाऱ्यांनीही वाचावा. कारण बटण कुणाचं आहे यापेक्षा ते कुठून येतं हे महत्त्वाचं. तुमच्या पानावरचा आकडा वाचकाचा ब्राउझर एखाद्या बाहेरच्या सर्व्हरवरून आणत असेल, तर तो सर्व्हर चालवणाऱ्याला वाचकाची ये-जा दिसते, मग ती मोठी कंपनी असो वा एखादा हौशी स्वयंसेवक. उपाय साधा आहे : आकडा तुमच्याच सर्व्हरने आणायचा आणि आपल्या पानात छापायचा. हायझेने 2014 मध्ये आणलेलं ‘शारिफ’ हे मोफत साधन नेमकं हेच करतं.

‘विकेंद्रित म्हणजे खासगी.’

हा सगळ्यात चिवट गैरसमज, आणि माझ्या मते सगळ्यात धोक्याचा.

मॅस्टोडॉनवर तुमच्या पसंत्यांची एकत्र यादी फक्त तुम्हाला दिसते. इथवर ठीक. पण एखाद्या सार्वजनिक पोस्टवर जाऊन ती कुणाकुणाला आवडली हे कुणीही पाहू शकतं. शिवाय तुमच्या आणि लेखकाच्या, अशा दोन्ही सर्व्हरांच्या चालकांकडे त्याची नोंद असते. तिसऱ्या सर्व्हरला ती सहसा पोचत नाही, म्हणूनच एकाच पोस्टवर वेगवेगळ्या ठिकाणी वेगवेगळे आकडे दिसतात. लोक त्याला बिघाड समजतात. खरं तर खासगीपणाच्या दृष्टीने तो या रचनेतला त्यातल्या त्यात बरा भाग आहे.

लेमीमध्ये उलट. तिथे चर्चागटाचा सर्व्हर प्रत्येक मत त्या गटाच्या सदस्यांच्या सर्व सर्व्हरांना वाटतो, आणि मताबरोबर मत देणाऱ्याचं नावही जातं. लेमीच्या पडद्यावर सामान्य सदस्याला नावं दिसत नाहीत, पण त्याच जाळ्यात बोलणारी दुसरी सॉफ्टवेअरं ती दाखवू शकतात. ब्लूस्कायवर प्रत्येक लाइक ही तुमच्या खात्यातली सार्वजनिक नोंद असते आणि सगळ्या नोंदींचा प्रवाह कुणालाही वाचता येतो. नोव्हेंबर 2024 मध्ये हगिंग फेस या एआय कंपनीतल्या एका कर्मचाऱ्याने ब्लूस्कायवरच्या दहा लाख पोस्टींचा संच करून ठेवला. ओरड झाल्यावर तो काढला गेला. त्यासाठी कुठलंही कुलूप फोडावं लागलं नव्हतं, दार उघडंच होतं. नॉस्टरवर तर प्रत्येक पसंती तुमच्या गुप्त किल्लीने सही करूनच जाते, त्यामुळे ‘ती मी नव्हेच’ म्हणायचीही सोय नाही.

लाइकमधून एवढं काय कळणार, असं वाटणाऱ्यांसाठी 2013 चा एक अभ्यास. केंब्रिज विद्यापीठातले मिखाल कोसिन्स्की आणि डेव्हिड स्टिलवेल, आणि मायक्रोसॉफ्ट रिसर्चचे थोरे ग्रेपेल यांनी 58 हजारांहून अधिक स्वयंसेवकांच्या फेसबुक लाइक तपासल्या. निव्वळ लाइकवरून माणूस डेमोक्रॅट की रिपब्लिकन हे 85 टक्के प्रकरणांत ओळखता आलं, आणि ख्रिस्ती की मुसलमान हे 82 टक्के प्रकरणांत. फेसबुकने त्यानंतर लाइक आपोआप सर्वांना दिसू नयेत असा बदल केला. एक्सनेही (पूर्वीच्या ट्विटरने) जून 2024 मध्ये लाइक खासगी केल्या. म्हणजे ज्या कंपन्यांना आपण नावं ठेवतो त्यांनी निदान शेजाऱ्यापाजाऱ्यांपासून लाइक झाकल्या, आणि स्वतंत्र वेबवाल्यांनी त्या उघड्यावर मांडल्या. हे गमतीचं नाही.

महाराष्ट्राला तर हे सांगायची गरज पडू नये. नोव्हेंबर 2012 मध्ये बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतरच्या बंदवर पालघरच्या एका तरुणीने फेसबुकवर प्रश्न विचारला. तिच्या मैत्रिणीने ती पोस्ट लाइक केली. पोलिसांनी दोघींना अटक केली. या प्रकरणातूनच माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम 66-अ ला आव्हान मिळालं आणि श्रेया सिंघल खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 24 मार्च 2015 रोजी ते रद्द केलं. एप्रिल 2025 मध्ये अलाहाबाद उच्च न्यायालयाने म्हटलं की पोस्ट लाइक करणं म्हणजे ती प्रकाशित करणं नव्हे. कायदा सुधारला, चांगलंच झालं. पण पालघरची अटक आधी झाली होती आणि सर्वोच्च न्यायालयाचा निकाल दोन वर्षं चार महिन्यांनी आला.

आता आपल्याकडे 2023 चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा आहे ना? आहे, त्याचे नियमही नोव्हेंबर 2025 मध्ये आले. पण त्याचं तिसरं कलम वाचा. जी वैयक्तिक माहिती माणसाने स्वतःच सार्वजनिक केली आहे तिला हा कायदा लागू नाही. ब्लूस्कायवरची लाइक तुम्ही स्वतःच सार्वजनिक केलेली असते असा युक्तिवाद उद्या कुणी केला, तर तो खोडणं सोपं जाणार नाही.

‘नाव साठवतच नाही, फक्त हॅश साठवतो.’

हॅश म्हणजे माहितीचं एकमार्गी रूप : मूळ माहितीवरून ते काढता येतं, त्यावरून मूळ माहिती उलगडता येत नाही. तत्त्वतः बरोबर. पण जुन्या, अजूनही सर्रास वापरातल्या पद्धतीचे आयपी पत्ते सगळे मिळून सुमारे 429 कोटीच आहेत. खेळांसाठी विकत घेतलेल्या चांगल्या ग्राफिक्स कार्डवर त्या सर्वांचे हॅश काढून जुळवायला काही सेकंद पुरतात. भारतीय मोबाइल क्रमांकांचंही तेच, 6 ते 9 ने सुरू होणारे दहा आकडी क्रमांक जास्तीत जास्त 400 कोटी. हॅशमध्ये गुप्त अक्षरं मिसळली तर जुळवणं अवघड होतं, पण एकाच माणसाने दोनदा लाइक केलं का हे सगळ्या सर्व्हरांना ओळखायचं असेल तर ती अक्षरं सगळ्यांना ठाऊक हवीत. सगळ्यांना ठाऊक असलेलं गुपित कसलं?

यामागे एक जुना पेच आहे. मायक्रोसॉफ्ट रिसर्चमधल्या जॉन डूसर यांनी 2002 मध्ये दाखवून दिलं की सर्वांनी विश्वास ठेवावा अशी मध्यवर्ती संस्था नसेल, तर एकाच माणसाला हजार खोट्या ओळखी उभ्या करण्यापासून पूर्णपणे रोखता येत नाही. म्हणजे आकडा खरा हवा तर ओळख तपासा, ओळख नको तर आकड्यावर भरवसा ठेवू नका. मधली वाटही आहे. डेव्हिड चॉम यांनी 1982 मध्ये मांडलेली ‘आंधळी सही’ : एखादी संस्था तुमची ओळख तपासून एक कोरं तिकीट देते, पण ते तिकीट पुढे कुठल्या पानावर वापरलं गेलं हे तिलाही कळत नाही. गणित उत्तम आहे. पण तिकीट देणारी ती संस्था कुणीतरी चालवायला हवी, आणि तिचा खर्च कुणीतरी उचलायला हवा.

(आणि लाइक मागे घेतली की ती पुसली जाते, हेही मनातून काढा. जाते ती पुसण्याची विनंती. पलीकडच्या सर्व्हरने ती मानली तर मानली.)

‘कंपनी नाही, म्हणजे खर्चही नाही.’

एक लाइक म्हणजे जेमतेम काही ओळींचा मजकूर, हे खरं. पण ती सही तपासून पोचवायची, साठवायची, खोट्या खात्यांना हाकलायचं, तक्रारी वाचायच्या, रात्री अडीच वाजता सर्व्हर बसला तर उठून बघायचं. यातल्या बहुतेक कामाला पैसा लागतो आणि उरलेल्याला माणसाची उमेद.

मॅस्टोडॉनचे निर्माते ऑयगेन रोख्को यांनी हे काम वर्षानुवर्षं लोकांच्या देणग्यांवर चालवलं. 2021 मध्ये त्याची जर्मनीत सेवाभावी कंपनी झाली, 2024 मध्ये तिथल्या करखात्याने तो सेवाभावी दर्जा काढून घेतला, आणि जानेवारी 2025 मध्ये सगळा कारभार नव्या युरोपीय ना-नफा संस्थेकडे नेण्याचं जाहीर झालं. मोझिलासारख्या खिशात पैसे असलेल्या संस्थेनेही आपला मॅस्टोडॉन सर्व्हर 17 डिसेंबर 2024 रोजी बंद केला. नेदरलँड्समधली एनएलनेट ही संस्था युरोपीय संघाच्या निधीतून अशा प्रकल्पांना छोटी अनुदानं देते. 2024 च्या उन्हाळ्यात त्या निधीचा उल्लेखच पुढच्या आराखड्यातून गायब झाला, तेव्हा मुक्त सॉफ्टवेअरवाल्यांना जाहीर पत्र काढावं लागलं.

ब्लूस्कायची गोष्ट निराळी. सुरुवातीचा पैसा ट्विटरचा. मग 2023 मध्ये 80 लाख डॉलर आणि ऑक्टोबर 2024 मध्ये दीड कोटी डॉलर गुंतवणूकदारांचे, दुसऱ्या फेरीत पुढाकार ब्लॉकचेन कॅपिटलचा. जाहिरातींवर अवलंबून राहायचं नाही असं कंपनीने सुरुवातीला सांगितलं. गुंतवणूकदार देणगीदार नसतो, एवढं आपण लक्षात ठेवावं.

‘लाइकलाच पैसे जोडले की प्रश्न सुटतो.’

करून झालंय. पायरेट बे या संकेतस्थळाचे एक संस्थापक पीटर सुंडे यांनी 2010 मध्ये लिनुस ओल्सन यांच्यासोबत स्वीडनमध्ये ‘फ्लॅटर’ सुरू केलं. महिन्याला किमान दोन युरो टाकायचे, महिनाभर आवडलेल्या पानांवर क्लिक करायचं, अखेरीस रक्कम तेवढ्या भागांत वाटली जायची आणि 10 टक्के फ्लॅटर ठेवायचं. कल्पना इतकी सरळ की ती चालली नाही याचं आजही वाईट वाटतं. 2013 मध्ये त्यांनी ट्विटरवरच्या पसंतीलाच पैसे जोडायचा प्रयत्न केला, ट्विटरने नियमांवर बोट ठेवून तो थांबवला. 2017 मध्ये ‘अॅडब्लॉक प्लस’वाल्या आयओ कंपनीने फ्लॅटर विकत घेतलं आणि क्लिकऐवजी तुम्ही कुठे किती लक्ष दिलंत हे ब्राउझरमध्येच मोजणारी आवृत्ती आणली. 2023 मध्ये ते बंद पडलं.

पैसे वाटायचे तर कुणी काय वाचलं याचा हिशेब कुठेतरी ठेवावाच लागतो. लग्नात आहेराची वही ठेवतात तसंच, वहीत नाव आलं की गुपित संपलं. नॉस्टरवर लाइकऐवजी बिटकॉइनचा बारीक तुकडा पाठवता येतो, पण त्याची पावती रकमेसकट सार्वजनिक असते. ब्रेव्ह ब्राउझरने 2018 मध्ये, नोंदणीही न केलेल्या लोकांच्या नावावर बक्षिशी गोळा होऊ दिली. ब्रिटिश यूट्यूबर टॉम स्कॉट यांनी त्यावर जाहीर आक्षेप घेतल्यावर ब्रेव्हने पद्धत बदलली. आपल्याकडे यूपीआयमुळे पाच रुपयेही सहज देता येतात, जे फ्लॅटरच्या काळात युरोपात कार्डाने शक्य नव्हतं. पण घेणाऱ्याला तुमचं बँकेतलं नाव दिसतं. आणि जानेवारी 2020 पासून दुकानदाराला शुल्क नाही, म्हणून यूपीआय फुकट झालेलं नाही : छोट्या व्यवहारांच्या प्रोत्साहनासाठी केंद्र सरकारने 2024-25 या वर्षाकरता सुमारे 1,500 कोटी रुपयांची तरतूद मंजूर केली होती.

एवढं सगळं वाचूनही मी विकेंद्रित व्यवस्थेच्या बाजूचाच आहे. फेसबुकच्या बटणाचा हिशेब बाहेरच्याला कधीच तपासता आला नाही, इथे निदान नियम उघडे आहेत आणि सर्व्हर बदलता येतो. फक्त लाइक करताना ती सहीनिशी जाहीर होते आहे असं धरून चाला. आणि तुमचं खातं ज्या सर्व्हरवर आहे त्याच्या ‘अबाउट’ पानावर तो कोण चालवतं हे वाचा. तिथे देणगीचा दुवा असेल तर थोडे पैसे पाठवा. नाही तर तो एक दिवस बंद पडेल, नाही तर विकला जाईल, आणि तुमच्या लाइकही त्याच्यासोबत जातील.