पंखा कुरकुरू लागला की हिशेब सांभाळा

लाल कापडात बांधलेल्या खतावण्या आता फार थोड्या दुकानांत दिसतात. १ जुलै २०१७ पासून जी.एस.टी. लागू झाला आणि बिले, रिटर्न, उधारी, मालाचा साठा असे सारे कॉम्प्युटरवर आले. भिवंडी, मालेगाव, इचलकरंजी या यंत्रमागाच्या गावांत लहान कारखानदारही आता कॉम्प्युटरवर बिल काढतो. या मशीनमधील एक अगदी स्वस्त भाग म्हणजे वीजपुरवठ्याच्या पेटीतील पंखा. तो बंद पडला तर ऐन सराईत गादीचे काम अडते. म्हणून व्यापारी व कारागीर बांधवांनी याची माहिती ठेवणे जरुरीचे आहे.

कॉम्प्युटरच्या मागे जिथे विजेची वायर लागते, ती पत्र्याची पेटी म्हणजे एस.एम.पी.एस. आपल्याकडील २३० व्होल्टची वीज घेऊन ती १२, ५ आणि ३.३ व्होल्टची करते व आतील भागांना पुरवते. या कामात पेटी तापते आणि पंखा ती थंड ठेवतो. पंखा मंदावला की आतील कपॅसिटर तापून वाळू लागतात. तापमान १० अंशांनी वाढले की त्यांचे आयुष्य निम्मे होते, असा जाणकारांचा ढोबळ हिशेब आहे. चांगल्या पेटीत जास्त तापल्यावर आपोआप बंद होण्याची सोय असते. हलक्या पेटीत ती असेलच असे नाही, आणि अशी पेटी जळताना कधी कधी मदरबोर्ड किंवा हार्ड डिस्कलाही सोबत घेऊन जाते.

आपल्या धंद्यात हा धोका अधिक आहे. मागावरून उडणारे कापसाचे बारीक तंतू हवेबरोबर ओढले जातात, जाळीवर गादीसारखे बसतात आणि पात्यांत व आसात गुंततात. कापडाच्या दुकानात थान फाडतानाही तेच होते.

पंख्याचा आजार ओळखणे सोपे आहे. सकाळी मशीन सुरू करताना घरघर होते व थोड्या वेळाने आवाज कमी होतो, ही पहिली खूण. साध्या बुशच्या पंख्यातील तेल सुकले की असे होते. पुढे एक दिवस आवाज अजिबात बंद होतो. पुष्कळ जण समजतात, आजार बरा झाला. खरे म्हणजे पंखाच थांबलेला असतो. पेटीच्या जाळीपुढे पातळ कागदाची पट्टी धरून पाहावी. पट्टी हलली नाही, पत्रा चटका देऊ लागला, किंवा दुपारी मशीन आपोआप बंद पडून थंड झाल्यावर पुन्हा सुरू होऊ लागले, तर गफलत करू नये. काही नव्या महागड्या पेट्यांत काम हलके असताना पंखा मुद्दाम थांबतो, तो बिघाड नव्हे.

अशा वेळी प्रथम हिशेबाची नक्कल पेन ड्राइव्हवर घ्यावी, मग मशीन बंद करून प्लग काढावा आणि मिस्त्रीला बोलवावे. पेटी स्वतः उघडू नये. प्लग काढल्यावरही आतील मोठ्या कपॅसिटरमध्ये काही वेळ ३०० व्होल्टहून अधिक दाब राहू शकतो. तो जिवावर बेतू शकतो. जाळीतून तार किंवा स्क्रूड्रायव्हरही घालू नये.

मिस्त्री शिवणयंत्राचे तेल सोडून पंखा चालू करून देईल, पण तो तात्पुरता इलाज आहे. खोबरेल तेल तर नकोच, ते थंडीत गोठते. पंखा बदलावा, तो त्याच मापाचा व १२ व्होल्टचा असावा आणि शक्यतो बॉल बेअरिंगचा घ्यावा. जुना पंखा ज्या दिशेने हवा फेकत होता, त्याच दिशेने नवा बसला आहे ना, हे उभे राहून पाहावे. कपॅसिटरची डोकी फुगली असतील तर पंख्यावर खर्च न करता संपूर्ण पेटी बदलणेच फायद्याचे.

खबरदारी म्हणून मशीन जमिनीवर न ठेवता स्टुलावर ठेवावे, पाठीमागे वीतभर जागा सोडावी आणि मागांच्या खोलीपासून दूर ठेवावे. महिन्यातून एकदा मशीन बंद करून जाळी ब्रशने साफ करावी. ब्लोअर मारताना पाती लाकडी काडीने अडवावीत, नाहीतर वेगाने फिरून बेअरिंग खराब होते. ही सफाई ईद, दिवाळी व लग्नसराईच्या गर्दीआधीच उरकावी.

जी.एस.टी. कायद्याप्रमाणे हिशेबाची कागदपत्रे वार्षिक रिटर्न भरण्याच्या अंतिम तारखेपासून ७२ महिने जपावी लागतात. मशीन जळाले, ही सबब अधिकाऱ्यापुढे चालेलच असे नाही, आणि उधारीची यादी गेली तर वसुली कुणाकडे मागणार? पंखा आवाज करतो तेव्हाच त्याचे ऐकावे, यातच शहाणपण आहे.