फ्लेक्सच्या यंत्रातून प्रकाशाचा डोळा

दारव्ह्याच्या चौकात वाढदिवसाचे फ्लेक्स झळकतात, ते छापणाऱ्या यंत्राची युक्ती साधी असते. विजेचा झटका मिळताच पिझो स्फटिक किंचित आकार बदलतो आणि बारीक छिद्रातून शाईचा थेंब बाहेर ढकलतो. १० पिकोलिटरच्या थेंबाचा व्यास सुमारे २७ मायक्रॉन, म्हणजे केसाच्या जाडीहूनही कमी. याच शाईत रंगाऐवजी अर्धवाहक मिसळला, तर प्लॅस्टिकच्या पातळ पत्र्यावर प्रकाश टिपणारा संवेदक छापता येतो. सिलिकॉन वितळवायला १४१४ अंश सेल्सिअस लागतात. इथे बहुधा दीडशेच्या आसपास भागतं.

खरी डोकेदुखी थेंब वाळताना. टेबलावर सांडलेला चहा आठवा: डाग मध्ये फिका, कडेला गडद. कडेचं द्रव लवकर उडतं, ती तूट भरायला मधलं द्रव बाहेर धावतं आणि सोबत कणही नेतं. शिकागो विद्यापीठातल्या रॉबर्ट डीगन आणि सहकाऱ्यांनी १९९७ साली ‘नेचर’मध्ये हे उलगडलं. संवेदकात असं कडं म्हणजे कुठे जाड, कुठे विरळ थर, आणि मग वीज नको तिथून गळते. उपाय म्हणून वेगवेगळ्या वेगाने उडणारे दोन द्रावक मिसळतात. पृष्ठताणातल्या फरकामुळे उलटा प्रवाह तयार होतो आणि कण मध्याकडे परततात.

सिलिकॉनला साधारण ११०० नॅनोमीटरपलीकडचा प्रकाश दिसत नाही. शाईत मिसळता येणाऱ्या लेड सल्फाइडच्या क्वांटम डॉट्सना, म्हणजे अर्धवाहकाच्या अतिसूक्ष्म कणांना, तो दिसतो. कण मोठा केला की आणखी पुढचा. लेड म्हणजे शिसं; ते विषारी, ही मात्र यातली मेख.