पाळी पद्धतीचे काम आणि कामगारांच्या दैनंदिन आरोग्यसवयी : मुळशी तालुक्याच्या संदर्भात

प्रस्तावना

पुणे जिल्ह्यातील मुळशी तालुका इतिहासात ओळखला जातो तो १९२१ ते १९२४ या काळात सेनापती बापट यांच्या नेतृत्वाखाली झालेल्या सत्याग्रहामुळे. धरणाला विरोध करणाऱ्या मावळ्यांच्या जमिनी अखेर पाण्याखाली गेल्या आणि ते पाणी कोकणात भिरा येथे उतरवून १९२७ पासून मुंबईसाठी वीजनिर्मिती सुरू झाली. कामगारांच्या रात्रीशी विजेचा संबंध त्याआधीच जुळला होता. १९०५ च्या सुमारास मुंबईच्या गिरण्यांत विजेचे दिवे आले आणि कामाचा दिवस सूर्यास्तानंतरही लांबू लागला. १९११ च्या कारखाने कायद्याने कापडगिरण्यांतील प्रौढ पुरुषांच्या कामास बारा तासांची मर्यादा घातली, यावरून तो किती लांबला होता याची कल्पना येते. पुढे गिरण्या तीन पाळ्यांत चालू लागल्या.

ज्या तालुक्याचे पाणी मुंबईच्या विजेसाठी गेले, त्याच तालुक्यात आज पिरंगुट, उरवडे, घोटावडे परिसरातील कारखाने आणि हिंजवडी-माण येथील माहिती तंत्रज्ञान उद्याने यांमुळे पाळीचे काम सर्वपरिचित झाले आहे. अशा कामगाराची झोप, आहार, व्यसन आणि औषधोपचार यांविषयी बोलताना बहुधा त्याच्या निष्काळजीपणावर बोट ठेवले जाते. या सवयींपैकी बऱ्याच सवयी कामाच्या वेळापत्रकातून घडतात, हे प्रस्तुत लेखात स्पष्ट करण्याचा प्रयत्न केला आहे.

शरीराचे घड्याळ

मेंदूतील एका लहानशा केंद्राकडून शरीराचे तापमान, संप्रेरके, भूक व झोप यांचे सुमारे चोवीस तासांचे चक्र नियंत्रित होते. डोळ्यांवाटे मिळणाऱ्या प्रकाशावर हे केंद्र आपली वेळ जुळवून घेते. पेशींमधील या घड्याळाची जनुकीय यंत्रणा उलगडून दाखविणाऱ्या हॉल, रॉसबॅश व यंग या तीन शास्त्रज्ञांना २०१७ चे वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक देण्यात आले. रात्रपाळी करणारा मनुष्य सकाळी घरी परततो तेव्हा वाटेतील ऊन या घड्याळाला दिवस सुरू झाल्याची खूण देते. त्यामुळे कितीही थकवा असला तरी दिवसाची झोप रात्रीच्या झोपेपेक्षा साधारणतः एक ते चार तासांनी कमी भरते. आठवड्याने पाळी बदलली की जुळवाजुळव पुन्हा पहिल्यापासून सुरू होते.

याचे परिणाम झोपेपुरते मर्यादित राहत नाहीत. अमेरिकेतील परिचारिकांच्या दीर्घकालीन अभ्यासात, फिरत्या रात्रपाळीची वर्षे जितकी अधिक तितका दुसऱ्या प्रकारच्या मधुमेहाचा धोका अधिक असल्याचे आढळले. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००७ मध्ये आणि पुनर्विचारानंतर २०१९ मध्ये रात्रपाळीच्या कामाचा समावेश 'बहुधा कर्करोगकारक' या गटात केला आहे. 'बहुधा' हा शब्द येथे महत्त्वाचा आहे. रात्रपाळी करणाऱ्या प्रत्येकाला कर्करोग होतो, असा त्याचा अर्थ नाही.

झोप : वेळ आणि जागा

झोपेचा प्रश्न शरीरशास्त्राइतकाच घराच्या रचनेचाही आहे. पत्र्याच्या छताखालील भाड्याच्या खोलीत चैत्र-वैशाखातील दुपारी झोप लागणे कठीण असते. त्यातच नळाला पाणी येण्याची वेळ, मुलांची शाळा आणि शेजारचा दूरचित्रवाणी संच हे सर्व दिवसाच्याच हिशोबाने चालते. मुंबईच्या गिरणगावात एकाच खोलीत पाळीपाळीने झोपणाऱ्या कामगारांची जी स्थिती होती, तीच अनेक जण मिळून खोली घेणाऱ्या परगावच्या कामगारांच्या वाट्याला येते. एक जण झोपतो तेव्हा दुसरा स्वयंपाक करीत असतो.

स्थानिक कामगाराची अडचण वेगळी आहे. मुळशी हा भाताचा प्रदेश. आषाढात लावणीच्या दिवसांत रात्रपाळीहून आलेला तरुण थेट खाचरात उतरला, तर त्याला आळशी म्हणता येणार नाही आणि आरोग्याविषयी बेफिकीर म्हणणेही अन्यायाचे होईल. पाऊस त्याच्या पाळीसाठी थांबत नाही. मात्र तीन-चार दिवसांची झोप अशी थकली की त्याच अवस्थेत तो यंत्रासमोर उभा राहतो किंवा पहाटे पौड रस्त्यावरून दुचाकीने घरी निघतो, हा धोका नजरेआड करता येत नाही.

आहार, चहा आणि तंबाखू

रात्री इन्सुलिनचा प्रभाव कमी असतो. तेच अन्न मध्यरात्री घेतल्यास रक्तातील साखर अधिक वाढते. अमेरिकेत १९ निरोगी तरुणांवर केलेल्या व २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात रात्रपाळीसारखी स्थिती निर्माण करण्यात आली होती. त्यांपैकी रात्री जेवणाऱ्या गटात साखरेची सरासरी पातळी ६.४ टक्क्यांनी वाढली. केवळ दिवसा जेवणाऱ्या गटात अशी लक्षणीय वाढ दिसली नाही. सहभागींची संख्या अल्प असली तरी प्रयोगाची दिशा व्यवहारात उपयोगी आहे : मुख्य जेवण पाळीवर जाण्यापूर्वी घ्यावे आणि मध्यरात्री भाकरी-भाजी, फुटाणे, ताक असे हलके खावे.

पण रात्री दोन वाजता कारखान्याबाहेर मिळते काय? एखादी टपरी उघडी असलीच तर वडापाव, भजी, बिस्किटे आणि साखरेचा चहा. चहा-कॉफीतील कॅफीनचे प्रमाण शरीरात निम्म्यावर येण्यास सुमारे पाच तास लागतात. पहाटे चारला घेतलेला चहा म्हणूनच सकाळी नऊच्या झोपेत अडथळा आणतो.

गिरणगावात ही गरज खानावळवाल्या स्त्रियांनी भागविली होती. पाळीच्या वेळा सांभाळून जेवण देणाऱ्या या स्त्रियांना संघटित करण्यासाठी प्रेमाताई पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापन केले. उपाहारगृहाबाबत १९४८ च्या कारखाने अधिनियमातील तरतूद २५० हून अधिक कामगारांच्या कारखान्यांपुरती असल्याने लहान कारखाने तीतून सुटत असत. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य आणि कार्यस्थिती संहितेत ही मर्यादा १०० वर आली असून कंत्राटी कामगारही त्यात मोजले जातात. तरीही उपाहारगृह असणे आणि ते रात्री दोन वाजता चालू असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

तंबाखूचा विचार याच संदर्भात करावा लागतो. २०१६-१७ च्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रात धूम्रपानाचे प्रमाण सुमारे ४ टक्के, तर धूरविरहित तंबाखूचे २४ टक्क्यांहून अधिक आहे. यंत्रावर हात अडकलेले असताना विडी ओढता येत नाही. तंबाखूची चिमूट मात्र ओठाखाली ठेवता येते. निकोटीन झोप उडविते आणि भूकही मारते. राज्यात २०१२ पासून गुटख्यावर बंदी असली, तरी चुना-तंबाखूची डबी खिशात राहिली आहे. केवळ 'तंबाखू सोडा' असे फलक लावून भागणार नाही, कारण पहाटे तीनची झोप आणि भूक त्या फलकाने दूर होत नाही.

औषधे आणि तपासणी

या विषयाची सर्वांत दुर्लक्षित बाजू औषधांच्या वेळेची आहे. चिठ्ठीवर 'सकाळी उपाशीपोटी' असे लिहिलेले असते. मध्यरात्री एक वाजता जेवून सकाळी आठला झोपणाऱ्या मधुमेही कामगाराची सकाळ कोणती? त्याने गोळी घेऊन न खाताच झोप घेतली, तर काही औषधांमुळे झोपेतच साखर धोकादायकरीत्या उतरू शकते. उपाशीपोटी रक्ततपासणीचेही तसेच आहे. रात्रपाळीहून परस्पर प्रयोगशाळेत गेलेल्या व्यक्तीचा अहवाल फसवा ठरू शकतो. आठ तासांचा उपवास तिने केलेलाच नसतो. आपण पाळीत काम करतो हे कामगाराने डॉक्टरांना आवर्जून सांगावे आणि डॉक्टरांनीही ते विचारावे.

स्त्रियांचा दुहेरी भार

जुन्या अधिनियमाने स्त्रियांना सायंकाळी सात ते सकाळी सहा या वेळेत कारखान्यात काम करण्यास सामान्यतः मनाई केली होती. नव्या संहितेने संमती व सुरक्षिततेच्या अटींवर ती उठविली आहे. रात्रीच्या कामावर न जाताही स्त्रीची झोप मात्र पाळ्यांनी तोडलेलीच असते. पती पहिल्या पाळीला असला की चारला डबा, दुसऱ्या पाळीला असला की मध्यरात्री दार उघडणे. स्वतः कामावर जाणारी स्त्री स्वच्छतागृहाची सोय नसल्यास पाणीच कमी पिते आणि मूत्रमार्गाचे विकार ओढवून घेते. या सवयीलाही अज्ञान म्हणणे सोपे आहे.

काही व्यवहार्य उपाय

पाळी बदलण्याचा क्रम सकाळ, दुपार, रात्र असा पुढे सरकणारा असावा. अमेरिकेतील युटा राज्यात एका खनिज उद्योगात असा क्रम ठेवून, आठवड्याऐवजी तीन आठवड्यांनी पाळी बदलली असता कामगारांचे समाधान व उत्पादन दोन्ही वाढल्याचे १९८२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसून आले. झोपेबाबत वाग्भटाच्या अष्टांगहृदयातील सूचनाही लक्षणीय आहे : जागरण घडल्यास जितका वेळ जागलो त्याच्या निम्मा वेळ सकाळी, न जेवता झोपावे. त्यातील 'न जेवता' हा भाग आजच्या आहारशास्त्राशी बराच जुळतो. मधुमेहावरील औषधे घेणाऱ्यांनी मात्र तो डॉक्टरांच्या सल्ल्यानेच पाळावा. खिडकीला जाड गडद पडदा आणि घरी परतताना काळा चष्मा, हे खर्चाच्या मानाने फलदायी उपाय आहेत.

आरोग्य शिबिरे सहसा सकाळी अकराला भरतात, नेमकी रात्रपाळीच्या कामगाराच्या गाढ झोपेच्या वेळी. ती पाळी सुटण्याच्या वेळी, कारखान्याच्या दाराशी आणि तिन्ही पाळ्यांसाठी स्वतंत्रपणे भरविता येतील. त्यासाठी डॉक्टरांना मात्र एखादे दिवशी पहाटे उठावे लागेल.