रस्त्यावरचा संताप : एकच खूण, दोन अर्थ

जबलपूर शहरातील कांचघर हा गजबजलेला भाग. संध्याकाळच्या वेळी येथून जाणाऱ्याला दुचाकी, ऑटोरिक्षा, ई-रिक्षा आणि बसगाड्यांच्या हॉर्नचा अखंड गजर ऐकू येतो. शहरातील रहिवाशाला त्यात काही वावगे वाटत नाही. ‘मी मागून येतो आहे, जरा बाजूला व्हा’ एवढाच त्याचा अर्थ. मात्र भेडाघाटचे संगमरवरी खडक किंवा कान्हा राष्ट्रीय उद्यान पाहण्यासाठी जबलपुरात उतरलेल्या युरोपीय पर्यटकाला त्याच आवाजात भांडण ऐकू येते. त्याच्या देशात हॉर्न हा इशारा असतो किंवा धिक्कार, संवाद नव्हे. उलटपक्षी, नागपूर-पुण्याकडचा माणूस लंडन किंवा म्युनिकच्या रस्त्यावर सवयीने हॉर्न वाजवतो, तेव्हा पुढच्या चालकाच्या कपाळावर आठ्या का पडल्या, हे त्याला उमगत नाही.

हा गैरसमज बहुतेक वेळा आठ्यांवरच थांबतो. परंतु काही वेळा तो जिवावर बेततो आणि मग दोन देशांच्या परराष्ट्र खात्यांनाही त्यात लक्ष घालावे लागते. असे का घडते आणि कायदा याबाबत काय सांगतो, हे समजून घेणे अगत्याचे आहे.

२०१६ मधील दोन घटना

३१ जानेवारी २०१६ रोजी बेंगळुरू शहराच्या उत्तरेकडील हेसरघट्टा परिसरात एका सुदानी तरुणाच्या मोटारीखाली सापडून एका स्थानिक महिलेचा मृत्यू झाला. संतप्त जमाव रस्त्यावर उतरला. सुमारे अर्ध्या तासाने टांझानियाची एक विद्यार्थिनी आपल्या मित्रांसह दुसऱ्या मोटारीने त्याच रस्त्याने आली. अपघाताशी तिचा काडीचाही संबंध नव्हता. इतकेच नव्हे, तर तिचा देशही वेगळा होता. तरीही जमावाने तिला गाडीतून उतरवून मारहाण केली, तिचे कपडे फाडले आणि मोटार पेटवून दिली. तत्कालीन परराष्ट्रमंत्री सुषमा स्वराज यांनी या प्रकाराबद्दल तीव्र दुःख व्यक्त केले, टांझानियाचे उच्चायुक्त बेंगळुरूला गेले, अनेकांना अटक झाली आणि काही पोलिसांवर निलंबनाची कारवाई झाली. हा हल्ला वंशद्वेषातून नव्हे, तर अपघाताच्या प्रतिक्रियेतून झाला, अशी भूमिका त्या वेळी कर्नाटकच्या गृहमंत्र्यांनी घेतली होती.

त्याच वर्षी २० मे रोजी रात्री दिल्लीच्या वसंत कुंज भागात काँगो देशाच्या एका तरुणाचा खून झाला. भांडणाचे निमित्त होते ऑटोरिक्षा कोणी भाड्याने घ्यायची, एवढेच. यानंतर आफ्रिकी देशांच्या दिल्लीतील राजदूतांनी आफ्रिका दिनाचा नियोजित कार्यक्रम पुढे ढकलण्याची मागणी केली होती.

रस्त्यावर सुरू झालेल्या रागात समोरचा माणूस परका असेल, तर काय घडते, हे या दोन्ही घटनांतून दिसते. स्थानिक चालकाकडून चूक झाली तर लोक त्या चालकाला दोष देतात. परक्याकडून झाली तर दोष त्याच्या रंगाला, भाषेला, देशाला जातो. बेंगळुरूमध्ये सुदानी माणसाच्या अपघाताचा हिशेब टांझानियाच्या मुलीकडे मागितला गेला, तो यातूनच. म्हणूनच ‘ही केवळ अपघाताची प्रतिक्रिया’ हे स्पष्टीकरण अपुरे ठरते. प्रतिक्रिया अपघाताची असेलही, पण ती कोणावर उमटावी, हे कातडीच्या रंगाने ठरवले होते.

खुणांचा शब्दकोश

वाहतुकीचे लिखित नियम देशोदेशी बऱ्याच अंशी सारखे आहेत. १९४९ चा जिनिव्हा करार आणि १९६८ चा व्हिएन्ना करार यांनी चिन्हे व परवाने यांत बरीच एकवाक्यता आणली. परंतु चालकांची आपसांतली बोली कोणत्याही करारात लिहिलेली नाही. ती ज्याची त्याने आपापल्या रस्त्यावर शिकलेली असते.

हेडलाइटची उघडझाप हे याचे उत्तम उदाहरण. आपल्याकडे समोरून येणारा चालक दिवे चमकवतो, तेव्हा त्याचा अर्थ असतो, ‘थांबा, आधी मी निघतो.’ ब्रिटनमध्ये अनेक चालक हीच खूण ‘तुम्ही आधी निघा’ अशा सौजन्याने करतात. अरुंद पुलावर हे दोन अर्थ समोरासमोर आले, तर काय होईल, याची कल्पना सहज करता येते. ब्रिटनच्या ‘हायवे कोड’ने हा धोका ओळखला आहे. दिव्यांचा उपयोग केवळ आपले अस्तित्व कळवण्यासाठी करावा आणि दुसऱ्याने दिवे चमकवले म्हणजे पुढे जाण्याची परवानगी मिळाली असे गृहीत धरू नये, अशी स्पष्ट सूचना त्यात आहे.

हॉर्नचेही तसेच. ब्रिटनमध्ये वस्तीच्या भागात रात्री साडेअकरा ते सकाळी सात या वेळेत हॉर्न वाजवण्यास मनाई आहे. तसेच गाडी उभी असताना, दुसऱ्या वाहनाकडून धोका असल्याखेरीज, तो वाजवता येत नाही. आपल्याकडे मात्र मालमोटारींच्या पाठीवर कित्येक दशके ‘हॉर्न ओके प्लीज’ असे रंगवून आवाजाचे निमंत्रणच दिले जात होते. महाराष्ट्राच्या परिवहन विभागाने २०१५ मध्ये या मजकुरावर बंदी घातली. २०२० च्या आरंभी मुंबई पोलिसांनी काही सिग्नलांना ध्वनिमापक यंत्रे जोडली. आवाज ८५ डेसिबलच्या वर गेला की लाल दिव्याची उलटी गणती पुन्हा पहिल्यापासून सुरू होई. हॉर्न वाजवण्याची सवय परदेशी पाहुण्यांनाच नव्हे, तर आपल्यालाही जाचते, हे यावरून लक्षात यावे.

पादचाऱ्याचा उंचावलेला हात, पोलिसाने थांबवल्यावर करावयाचे वर्तन, हीदेखील बोलीच आहे. भारतात पोलिसाने अडवले की चालक गाडीतून उतरून त्याच्याकडे जातो. ते नम्रतेचे लक्षण समजले जाते. अमेरिकेत हेच वर्तन धमकी समजले जाऊ शकते. तेथे चालकाने गाडीतच बसून राहावे, दोन्ही हात स्टीअरिंगवर दिसतील असे ठेवावे आणि सांगितल्याखेरीज खिशात किंवा कप्प्यात हात घालू नये, अशी अपेक्षा असते. मुलाकडे राहण्यासाठी गेलेल्या आणि तेथे गाडी चालवू पाहणाऱ्या ज्येष्ठांनी ही गोष्ट आधीच जाणून घ्यावी.

अर्थ चुकीचा लागला की राग का येतो, याचे कारण मानसशास्त्र सांगते. आपल्या हातून चूक झाली, तर आपण परिस्थितीकडे बोट दाखवतो : घाई होती, खड्डा होता, फलक दिसला नाही. दुसऱ्याच्या हातून झाली, तर आपण त्याच्या स्वभावाकडे बोट दाखवतो : उद्धट आहे, बेपर्वा आहे. गाडीच्या काचेआड चेहरा नीट दिसत नाही, ‘माफ करा’ हा शब्द ऐकू जात नाही. त्यामुळे हा कल अधिकच बळावतो. त्यात समोरची व्यक्ती परदेशी असेल, तर स्वभावाच्या जागी ‘हे लोक असेच’ हे वाक्य येते.

चालकच परका असतो तेव्हा

परदेशी व्यक्ती नेहमी मागच्या आसनावरच बसलेली असते असे नाही. ऑस्ट्रेलियातील मेलबर्न शहरात टॅक्सी चालवणाऱ्यांत भारतीय विद्यार्थ्यांची संख्या मोठी होती. एप्रिल २००८ च्या अखेरीस एका भारतीय टॅक्सीचालकावर चाकूहल्ला झाला. त्यानंतर शेकडो चालकांनी फ्लिंडर्स स्ट्रीट स्थानकासमोरचा मुख्य चौक रात्रभर रोखून धरला. कडाक्याच्या थंडीत अनेकांनी शर्ट काढून निषेध नोंदवला. चालकाच्या आसनाभोवती संरक्षक पडदा असावा आणि रात्री भाडे आगाऊ घेण्याची मुभा असावी, या त्यांच्या प्रमुख मागण्या व्हिक्टोरिया राज्याच्या सरकारला मान्य कराव्या लागल्या. जे मेलबर्नमध्ये भारतीयाच्या वाट्याला आले, तेच दिल्लीत काँगोच्या तरुणाच्या वाट्याला आले. परकेपणाचे ओझे दोन्हीकडे सारखेच होते.

या प्रश्नाला सत्तेचीही एक बाजू आहे आणि ती भारताच्या इतिहासात नोंदलेली आहे. १८७० च्या दशकात आग्रा येथे फुलर नावाच्या इंग्रज वकिलाने, चर्चला जाण्यासाठी निघताना आपला मोतद्दार बग्गीपाशी हजर नाही म्हणून त्याला मारहाण केली आणि त्यात त्याचा मृत्यू झाला. मॅजिस्ट्रेटने फुलरला ३० रुपये दंड केला. व्हाइसरॉय लॉर्ड लिटन यांनी १८७६ मध्ये या निकालावर लेखी नापसंती नोंदवली, तेव्हा येथील इंग्रजी वृत्तपत्रे लिटन यांच्यावरच तुटून पडली. वाहन निघण्यास झालेला क्षुल्लक विलंब, त्यावर उसळलेला राग आणि मृताच्या जिवाची नगण्य किंमत. ‘रोड रेज’ हा शब्द जन्माला येण्याच्या शंभर वर्षे आधीची ही कथा आहे. तो शब्द १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात, लॉस एंजेलिसच्या महामार्गांवर चालकांनी एकमेकांवर केलेल्या गोळीबाराच्या बातम्यांतून रूढ झाला, असे मानले जाते.

कायदा काय सांगतो?

भारतीय कायद्यात ‘रोड रेज’ नावाचा स्वतंत्र गुन्हा नाही. मारहाण, अडवणूक, सदोष मनुष्यवध अशा नेहमीच्याच कलमांखाली कारवाई होते. क्षणभराच्या रागाची किंमत किती उशिरा आणि किती जड मोजावी लागते, हे माजी क्रिकेटपटू नवज्योतसिंग सिद्धू यांच्या प्रकरणातून दिसते. २७ डिसेंबर १९८८ रोजी पतियाळा येथे रस्त्यातील गाडीवरून झालेल्या वादानंतर ६५ वर्षांच्या एका गृहस्थाचा मृत्यू झाला. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये सिद्धू यांना केवळ एक हजार रुपये दंड केला होता. फेरविचारानंतर मे २०२२ मध्ये एक वर्षाच्या सक्तमजुरीची शिक्षा सुनावली. घटना आणि तुरुंगवास यांत ३३ वर्षांचे अंतर होते.

१ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेतील कलम १०३ (२) या विषयात विशेष महत्त्वाचे आहे. पाच किंवा अधिक व्यक्तींनी मिळून वंश, जात, जन्मस्थान, भाषा अशा कारणांवरून खून केल्यास त्यातील प्रत्येकाला फाशी किंवा जन्मठेपेची तरतूद त्यात आहे. जमावात शिरलेल्या माणसाला ‘मी एकट्याने काय केले’ असे म्हणून निसटता येऊ नये, हा त्यामागील हेतू.

मोटार वाहन कायद्याच्या कलम १३४ मधील एक तरतूद फारशी कोणाला ठाऊक नसते. अपघातानंतर चालकाने जखमीला वैद्यकीय मदत मिळवून दिलीच पाहिजे. अपवाद मात्र जमावाच्या प्रक्षोभाचा किंवा त्याच्या आवाक्याबाहेरील कारणाचा. म्हणजे जमाव चालकाच्या जिवावर उठू शकतो, हे कायद्यानेच गृहीत धरले आहे. जानेवारी २०२४ च्या आरंभी मालमोटारचालकांनी देशभर चक्का जाम केला, त्यामागेही हीच भीती होती. अपघातानंतर न कळवता पळून जाणाऱ्यास दहा वर्षांपर्यंत कैदेची तरतूद नव्या संहितेत होती. ‘थांबलो तर जमाव मारतो, पळालो तर कायदा’ असे चालकांचे म्हणणे होते. १ जुलै २०२४ रोजी संहिता लागू झाली, तेव्हा हे पोटकलम वगळण्यात आले. या कोंडीत सर्वाधिक नुकसान रस्त्यावर पडलेल्या जखमीचे होते. जमावाच्या भीतीने पळणारा प्रत्येक चालक त्याच्या उपचाराची मोलाची मिनिटे सोबत घेऊन जातो. देशात २०२२ या एका वर्षात रस्ते अपघातांत १,६८,४९१ लोक मृत्युमुखी पडले, हे लक्षात घेता हा प्रश्न परदेशी पाहुण्यांपुरता नाही.

परदेशांतही कायदा कठोर आहे. जर्मनीत दुसऱ्या चालकाला बोटाने अश्लील खूण करणे किंवा त्याच्याकडे पाहून कपाळावर बोट आपटणे हा अपमानाचा फौजदारी गुन्हा ठरू शकतो. संयुक्त अरब अमिरातीत अशा खुणेसाठी परदेशी नागरिकाची मायदेशी पाठवणीही होऊ शकते.

प्रवासाला निघण्यापूर्वी

परदेशात गाडी चालवू इच्छिणाऱ्याला प्रादेशिक परिवहन कार्यालयातून एक वर्ष मुदतीचा आंतरराष्ट्रीय परवाना मिळतो. चीनसारख्या देशात तो चालत नाही, हे आधी तपासून घ्यावे. परंतु परवाना नियमांपुरता असतो. बोली शिकण्यासाठी पहिले दोन दिवस तेथील माणसाशेजारी बसून नुसते पाहणे अधिक उपयोगी. वाद झालाच, तर गाडीतून उतरू नये, नजर रोखू नये, आपली चूक असल्यास हात उंचावून ती मान्य करावी आणि गरज पडल्यास पोलिसांना बोलवावे. भारतात त्यासाठी ११२ हा क्रमांक आहे.

आपल्या रस्त्यावर परदेशी पाहुणा गोंधळलेला दिसला, तर कर्तव्य आपलेही आहे. जबलपूरहून कान्हापर्यंतच्या दीडशेहून अधिक किलोमीटरच्या वाटेवर पाहुण्याला नेणारा टॅक्सीचालक ‘हा हॉर्न रागाचा नाही’ एवढे जरी सुरुवातीला समजावून सांगू शकला, तरी पुढचा प्रवास दोघांनाही सुखाचा होतो. आणि अपघाताच्या जागी जमलेल्या गर्दीतून एक जण जरी जखमीला उचलण्यासाठी पुढे झाला, तर मारण्यासाठी उठलेले हात अनेकदा त्याच्या मदतीला येतात. जखमीला मदत करणाऱ्या नागरिकाला मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने संरक्षण दिले आहे. त्याला साक्षीसाठी किंवा स्वतःची ओळख सांगण्यासाठी सक्ती करता येत नाही.